तेलाचा भाव आणि अंगणांतील कडुनिंब

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंत वक्तृत्वाच्या चढाओढी झाल्या, तेव्हां परीक्षकाच्या खुर्चीवर बसण्याचा मान आम्हांकडे आला होता. "खनिज तेल महागणें पृथ्वीच्या हिताचें आहे" हा विषय मुलांनींच निवडला होता. इयत्ता नववींतील एका मुलीनें अनुकूल बाजू मांडली. तिचें म्हणणें सरळ होतें. वस्तु महागली कीं लोक ती जपून वापरतात. तेल जपून वापरलें कीं धूर कमी होतो. धूर कमी झाला कीं झाडें, पांखरें व माणसें ह्यांस सुख होतें. सबब तेलाचा भाव वाढला असतां वर्तमानपत्रांनीं गळा काढण्याऐवजीं पेढे वाटावे. पेढ्यांचें नांव निघतांच टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हींहि टाळी वाजविली, मुलीस पहिला क्रमांक दिला, आणि गुणपत्रकावर सही करून घरीं निघालों.

वाटेंत मात्र मन स्वस्थ राहीना. मुलीचें बोलणें खोटें नव्हतें; परंतु त्यांत कांहींतरी राहून गेलें होतें, आणि तें आम्हांस ठाऊक असूनहि आम्हीं टाळी वाजविली, ही टोंचणी लागून राहिली. लहानपणीं ऐकलेला कुऱ्हाडीचा आवाज कानांत घुमूं लागला. तो काय प्रकार होता हें वार्षिकाच्या ह्या पानांवर सांगावें, आणि जमल्यास त्या भाषणाचा राहिलेला भाग पुरा करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

आमचें बालपण तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील एका लहान खेड्यांत गेलें. वडील प्राथमिक शिक्षक; मिशनच्या आवारांतील दोन खोल्यांचें कौलारू घर आम्हांस राहावयास मिळालें होतें. घरापुढें एक कडुनिंब होता. तो कोणीं लावला हें गांवांत कोणास सांगतां येत नसे. त्याच्या सावलींत आई गहूं निवडी, वडील रविवारीं दुपारीं मुलांस गाणीं शिकवीत, आणि उन्हाळ्यांत खाटा टाकून आम्ही भावंडें त्याखालीं निजत असूं. पहांटे अंगावर निंबाचा बारीक फुलोरा पडलेला असे.

आईस खोकल्याचा विकार होता. तालुक्याच्या डॉक्टरांनीं तिला चुलीपुढें बसण्याची मनाई केली, म्हणून वडिलांनीं पगारांतून पैसे बाजूस टाकून वातीचा स्टोव्ह आणला होता. रेशनकार्डावर महिन्यास ठराविक लिटर घासलेट मिळे. त्यांतच स्वयंपाक, त्यांतच रात्रींचा कंदील. पाणी तापविण्यापुरती चूल पेटे. बाकी सर्व स्टोव्हवर. आईचा खोकला दोन वर्षांत पुष्कळ उणा झाला होता.

१९९० च्या ऑगस्ट महिन्याच्या २ तारखेस इराकनें कुवेतवर स्वारी केली. वडिलांनीं ही बातमी आकाशवाणीवर ऐकली, भिंतीवरील नकाशांत आम्हांस कुवेत दाखविलें आणि म्हणाले, "फार लांब आहे." आम्ही तेव्हां दहा वर्षांचे होतों. नकाशावर तें अंतर वितीएवढेंहि नव्हतें, हें आम्हांस आजहि आठवतें.

जुलैमध्यें पिंपामागें वीस डॉलरांच्या आसपास असलेला तेलाचा भाव ऑक्टोबरांत चाळीस डॉलरांच्या घरांत गेला. हे आंकडे अर्थात् आम्हांस पुष्कळ वर्षांनीं वाचून कळले. त्या वेळीं कळलें तें एवढेंच, कीं रेशनच्या दुकानापुढील रांग लांबली. दुकानाच्या फळीवर खडूनें लिहिलेला भाव फारसा बदलला नाहीं. मात्र डबा भरेना. आम्ही पहांटे जाऊन रांगेंत डबा ठेवून येत असूं, आणि शाळा सुटल्यावर पाहावें तों डबा तेथेंच, रिकामा. दुकानदार "पुढच्या आठवड्यांत" म्हणे. पाठीमागच्या दारानें घासलेट मिळत होतें असें लोक म्हणत. पण त्याचा भाव शिक्षकाच्या पगारास झेंपणारा नव्हता.

मग आई पुन्हां चुलीपुढें बसली. आधीं तुरीच्या तुऱ्हाट्या जाळल्या, मग कपाशीच्या पऱ्हाट्या, मग ओढ्याकांठची वेडी बाभूळ. परंतु हें केवळ आमच्याच घरीं घडत नव्हतें. गांवांतील प्रत्येक घर सरपण शोधीत होतें. दिवाळीपर्यंत ओढ्याचा कांठ असा उघडा पडला, कीं जेथें शेळ्या उभ्या राहात तेथें त्यांस सावली उरली नाहीं. नाताळाच्या आधीं वडिलांनीं कडुनिंबाच्या फांद्या उतरविल्या. जानेवारींत ते कुऱ्हाड घेऊन बुंध्यापाशीं गेले.

आई दारांत उभी होती. ती म्हणाली, "अहो, मी बसेन धुरांत. झाड राहूं द्या."

वडील म्हणाले, "अगं, धूर करायला सुद्धां लाकूडच लागतं."

झाड घरावर पडूं नये म्हणून बुंध्यास दोर बांधला होता. त्याचें एक टोंक आमच्या हातीं होतें. वडिलांनीं "ओढ" म्हटलें, आणि आम्हीं ओढलें.

ओला कडुनिंब फार धुमसतो. त्या हिंवाळ्यांत आईचा खोकला जो परतला तो पुढें कधीं पुरता गेलाच नाहीं. पावसाळ्यांत घासलेट पूर्ववत् मिळूं लागलें. पण तोंवर अंगण मोकळें झालें होतें. तिकडे कुवेतांत फेब्रुवारी १९९१ मध्यें माघार घेणाऱ्या इराकी सैन्यानें तेलाच्या सहाशेंहून अधिक विहिरी पेटवून दिल्या. भर दुपारीं तेथें दिवे लावावे लागत. वाळवंटांत तेलाचीं तळीं सांचलीं. शेवटची जळती विहीर त्या वर्षाच्या ६ नोव्हेंबरला विझली. एकाच लढाईनें समुद्रापलीकडे आभाळ काळें केलें आणि अलीकडे एक अंगण उघडें केलें. पहिली गोष्ट इतिहासांत नमूद आहे. दुसरीची नोंद आमच्या कुटुंबाखेरीज कोठेंहि नसावी.

आतां त्या मुलीच्या भाषणाकडे वळूं, आणि प्रथम तिच्या पक्षांत जें खरें आहे तें मान्य करूं. ऑक्टोबर १९७३ मध्यें इजिप्त व सीरिया ह्यांचें इस्राएलशीं युद्ध जुंपलें, अरब राष्ट्रांनीं अमेरिकेस व तिच्या कांहीं मित्रराष्ट्रांस तेल देणें बंद केलें, आणि पिंपामागें तीन डॉलरांच्या आसपास असलेला भाव १९७४ च्या आरंभीं बारा डॉलरांच्या घरांत जाऊन बसला. (पिंप म्हणजे सुमारें १५९ लिटर, हें गणिताच्या तासाला उपयोगी पडेल.) तेव्हां श्रीमंत देशांचे डोळे उघडले. हॉलंड, डेन्मार्क व पश्चिम जर्मनी येथें रविवारीं मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी झाली, आणि रुंद हमरस्त्यांवरून लोक सायकलींनीं फिरले. अमेरिकेनें मोटारींचा वेग ताशीं ५५ मैलांवर बांधून टाकला व थोड्या तेलांत अधिक धांवणाऱ्या गाड्या करण्याविषयीं कायदा केला. डेन्मार्कनें पवनचक्क्यांचा ध्यास घेतला तो ह्याच टंचाईनंतर. पुढें १९७९ सालीं इराणांत राज्यक्रांति होऊन भाव पुन्हां भडकला, आणि त्यानंतर चार वर्षें साऱ्या जगाचा तेलाचा खप खरोखरीच उतरत गेला. तेव्हां महागाई माणसास शहाणें करते हें आमच्या विद्यार्थिनीचें म्हणणें इतिहासास धरून आहे.

परंतु महागाईचा हात दुसऱ्या बाजूसहि चालतो. आमच्या नगरकडील वाचकांस हें सांगण्यास बोअरचें उदाहरण पुरे आहे. विहीर आटली आणि उंसास भाव असला, कीं शेतकरी बोअर घेतो. पहिली दोनशें फुटांवर, ती आटली कीं दुसरी पांचशें फुटांवर. पिकास भाव नसता तर तो इतक्या खोल गेलाच नसता. तेलाचें तसेंच आहे. भाव चढला, कीं ज्या तेलाकडे पूर्वीं कोणी ढुंकून पाहात नसे तें काढणें परवडूं लागतें. आणि तें तेल बहुधा सर्वांत मळकट, सर्वांत खोल, अथवा सर्वांत अवघड जागीं दडलेलें असतें.

कॅनडा देशाच्या आल्बर्टा प्रांतांत वाळूंत मुरलेलें डांबर आहे. तें वाहत नाहीं. म्हणून विहीर खणून भागत नाहीं. वरचें अरण्य तोडावयाचें, दलदल निचरून टाकावयाची, मातीचा थर खरवडावयाचा, आणि खालची काळी वाळू घरांएवढ्या मालमोटारींत भरून ऊन पाण्यानें धुवावयाची, तेव्हां कोठें डांबर वेगळें होतें. एक पिंप तेलासाठीं सुमारें दोन टन वाळू उपसावी लागते. फार खोल असलेल्या डांबरास जमिनींत वाफ सोडून पातळ करावें लागतें, आणि ती वाफ करण्यासाठीं पुन्हां जळण जाळावें लागतें. हा उद्योग १९६७ पासून चालू असला तरी बराच काळ तो रडतखडत चालला होता. नव्या शतकांत भाव चढूं लागला आणि जुलै २००८ मध्यें पिंपामागें १४७ डॉलरांवर गेला, त्या वर्षांत तेथें यंत्रांची रीघ लागली. वाळू धुतलेलें पाणी सांठविण्यासाठीं जीं विस्तीर्ण तळीं केलीं आहेत त्यांपैकीं एकावर एप्रिल २००८ मध्यें उत्तरेकडे जाणारा बदकांचा थवा उतरला. वरून पाहणाऱ्या बदकास तें पाणीच दिसलें असणार. सुमारें सोळाशें बदकें तवंगांत माखून मेलीं. तेल महाग झाल्यानें पांखरांस सुख होतें, असें भाषणांत म्हटलें होतें. त्या वाक्यापुढें आम्हीं गुणपत्रकांत पेन्सिलीनें एक प्रश्नचिन्ह तरी काढावयास हवें होतें.

दुसरें उदाहरण समुद्राचें. उथळ समुद्रांतील तेल सरत चाललें आणि भाव चढा राहिला, म्हणून कंपन्या खोल समुद्रांत शिरल्या. मेक्सिकोच्या आखातांत सुमारें पांच हजार फूट पाण्याखालीं विहीर खणीत असतां २० एप्रिल २०१० रोजीं 'डीपवॉटर होरायझन' ह्या तरंगत्या मनोऱ्यावर स्फोट झाला. अकरा कामगार मृत्यु पावले. विहिरीचें तोंड बंद करण्यास ८७ दिवस लागले, आणि तेवढ्या अवधींत सुमारें ४९ लाख पिंपें तेल विहिरींतून बाहेर पडलें असा तेथील सरकारी शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. एवढ्या खोलीवर मनुष्याचा हात पोंचत नाहीं. यंत्र पाठवून, तें चुकलें कीं दुसरें पाठवून, वाट पाहावी लागते. (आमच्या मुंबईच्या समुद्रांत १९७४ सालीं 'सागर सम्राट' जहाजानें तेल शोधिलें, त्याचा अभिमान आम्हांस लहानपणापासून आहे व आजहि आहे. तें तेल उथळ पाण्यांतलें होतें. तथापि तेथेंहि मासे पकडणाऱ्यांस विचारल्यावांचून अभिमानाचा हिशेब पुरा होत नाहीं, असें आतां वाटतें.)

तेव्हां तेल स्वस्त असावें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आम्हांस आमचीच लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागत आहे.

२०१४ च्या जूनमध्यें पिंपामागें शंभर डॉलरांहून अधिक असलेला भाव जानेवारी २०१६ मध्यें तीस डॉलरांच्याहि खालीं आला. पंपावर ह्या उतरणीचा सगळाच फायदा गिऱ्हाइकास मिळाला असें नाहीं. सरकारनें कर वाढवून त्यांतला मोठा वांटा स्वतःकडे ठेविला. तरीहि पेट्रोल उतरलें होतें खरें. त्याच सुमारास आम्हीं एक जुनी लहान मोटार विकत घेतली. कारण सांगितलें तें आईस दवाखान्यांत नेण्याचें. आई महिन्यांतून एकदां दवाखान्यांत जाई. आम्ही मात्र रोज मोटारींतून शाळेंत जाऊं लागलों. ज्या दोन किलोमीटरांसाठीं वीस वर्षांपूर्वीं आम्ही कुरकुरल्यावांचून चालत असूं, ते आतां पायांस दूर वाटूं लागले.

मागील वर्षीं दहावीच्या वर्गांत ज्वलनाचा धडा चालू असतां एका मुलानें विचारलें, "सर, पेट्रोल जळून गेलं म्हणजे जातं कुठं?" प्रश्न उत्तम होता. आम्हीं फळ्यावर हिशेब मांडला. एका लिटर पेट्रोलाचें वजन पाऊण किलोच्या आसपास. त्यांत कार्बन सुमारें ६४० ग्रॅम. १२ ग्रॅम कार्बन जळतांना हवेंतील ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो व ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. ह्या प्रमाणानें एका लिटरापासून सुमारें २.३ किलो वायु निघतो. पाऊण किलोची वस्तु जाळून सव्वादोन किलोंहून अधिक वस्तु होते, हें मुलांस खरेंच वाटेना. तेव्हां आमच्या तोंडून निघून गेलें, "बरें, आमच्याच गाडीचा हिशेब करा." जाऊन येऊन चार किलोमीटर, वर्षाचे २२० दिवस, लिटरास १५ किलोमीटर. मुलांनीं उत्तर काढलें: सुमारें ५९ लिटर पेट्रोल आणि १३५ किलो वायु. मागच्या बांकावरून कोणीतरी म्हणालें, "म्हणजे सरांच्या दुप्पट." वर्ग हंसला. आम्हीहि हंसलों, पण आंकडा फळ्यावरून पुसतांना हात जड झाला.

हा वायु दिसत नाहीं, त्यास वास नाहीं, म्हणून त्याची भीति वाटत नाहीं. परंतु हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून त्याचें मोजमाप चालू आहे. तेव्हां हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारें ३१५ भाग होता. २०२४ सालीं तो ४२० च्या वर गेला होता. आमचे १३५ किलो त्यांतच मिसळले आहेत. पेट्रोलाच्या पावतीवर लिटराचा भाव लिहिलेला असतो, कर मिळविलेला असतो. ह्या वायूचा आकार मात्र त्यांत कोठेंहि लावलेला नसतो. तो कोण भरतो, हा प्रश्न पंपावरचा पोऱ्या विचारीत नाहीं आणि आम्हींहि कधीं विचारला नाहीं.

भाव चढा कीं उतरता ह्याहूनहि एक तिसरा प्रकार घातक असतो, तो म्हणजे दोन भावांतील दरी. गरिबांच्या चुलीसाठीं सरकारनें रेशनचें घासलेट स्वस्त ठेविलें होतें, हें योग्यच होतें. त्यावर आमचेंहि घर चाललें. परंतु २०१० च्या सुमारास तें डिझेलच्या जवळजवळ एक तृतीयांश भावांत मिळत होतें. घासलेट डिझेलांत मिसळतें. नुसत्या डोळ्यांस ओळखूं येत नाहीं. मग गरिबाचा डबा रिकामा राहिला आणि तेंच घासलेट टँकरांत जाऊन रस्त्यांवर काळा धूर ओकूं लागलें. नगरहून फार दूर नसलेल्या मनमाडजवळ पानेवाडी येथें तेलाच्या ह्या भेसळीस आडवे गेलेले मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे ह्यांस २५ जानेवारी २०११ रोजीं भेसळ करणाऱ्यांनीं जिवंत जाळलें. दुसऱ्या दिवशीं शाळेंत प्रजासत्ताक दिनाचें झेंडावंदन होतें. ह्या बातमीविषयीं मुलांस काय सांगावें हें आम्हांस सुचलें नाहीं, आणि आम्हीं कांहींच सांगितलें नाहीं. आज तें सांगत आहों.

त्यानंतर काळ पालटला. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेंत गरीब घरांतील स्त्रियांच्या नांवें गॅसची जोडणी मिळूं लागली. आमच्या शेजारीं धुणीभांडीं करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्याकडेहि सिलिंडर आलें. त्या दिवशीं त्यांनीं आमच्या आईस मुद्दाम घरीं नेऊन शेगडी दाखविली. आई परत येऊन म्हणाली, "तिच्या भिंती पांढऱ्या राहतील आतां." पुढें २०२२ सालीं सिलिंडरचा भाव हजार रुपयांच्या पलीकडे गेला. त्याच वर्षीं मुंबईंत पेट्रोल लिटरामागें १२० रुपयांवर चढलें. मावशींचें सिलिंडर कोपऱ्यांत रिकामें पडलें. त्यावर कापड घालून त्यांनीं वर देव्हारा मांडला, आणि त्या सकाळीं काटक्या गोळा करूं लागल्या. आमच्या घरीं काय बदललें? दोन वर्तमानपत्रें येत असत त्यांतलें एक बंद केलें. मोटार चालूच राहिली.

भावाचा चाबूक कोणावर पडतो ह्याचा आम्हांस दिसलेला पुरावा एवढाच आहे, पण तो आमच्या डोळ्यांदेखतचा आहे. ज्या बाईच्या घरीं तेल सर्वांत थोडें जळत होतें, तिनें सर्वांत आधीं तें सोडलें. आणि सोडून ती ज्याकडे वळली तें झाड होतें. ज्यांच्या घरीं अधिक जळत होतें ते कुरकुरले व पैसे देते झाले. १९९१ च्या जानेवारींत आमच्या हातीं दोर होता. २०२२ सालीं मोटारीच्या किल्ल्या होत्या. मधल्या काळांत आम्ही एका रांगेंतून दुसऱ्या रांगेंत कधीं जाऊन उभे राहिलों, हें आमच्या ध्यानांतहि आलें नाहीं.

तेल बाहेरून आणावें लागू नये म्हणून ऊंस वगैरे पिकांपासून केलेलें इथेनॉल पेट्रोलांत मिसळण्याचा उपाय आपल्याकडे योजिला गेला, आणि २०२५ सालीं तें प्रमाण शेंकडा वीसपर्यंत पोंचलें. परदेशीं जाणारा पैसा वांचतो व कारखान्यांस बळ मिळतें, हा त्याचा गुण आम्हांस मान्य आहे. पण ऊंस किती पाणी पितो हें नगर जिल्ह्यांतील पोरासहि सांगावें लागत नाहीं. पाट उंसाकडे वळला कीं पलीकडच्या गांवास फेब्रुवारींतच टँकर लागतो. अलीकडे वर्तमानपत्रांतून ह्या उपायाची स्तुति वाचतांना आम्हांस प्रथम त्या टँकरची आठवण येते. तो टँकरहि डिझेलवरच चालतो.

चढाओढीनंतर आठवड्यानें त्या विद्यार्थिनीस बोलावून आम्हीं हें सर्व सांगितलें, कडुनिंबासकट. क्रमांक परत घेण्याचा हेतु नव्हता. भाषण उत्तमच झालें होतें. तिनें सर्व ऐकून घेतलें. मग म्हणाली, "सर, मग भाव किती असायला हवा?" आम्हीं सांगितलें, कीं भाव चढा असण्यास आमचा विरोध नाहीं, मात्र त्या चढ्या भावांतून सरकारच्या तिजोरींत जो पैसा येतो, त्यांतून मावशींच्या सिलिंडरची भरपाई आधीं व्हावी, गांवोगांव वेळेवर धांवणारी एस. टी. असावी, आणि शाळेच्या वाटेवर सायकल घालावयास भीति वाटूं नये. हें ज्या देशांनीं केलें तेथें महागाईनें धूर कमी केला. जेथें केवळ भावच वाढला, तेथें ओढ्याचे कांठ उघडे पडले.

तिनें आणखी एक प्रश्न विचारला. "सर, दोन हजार बावीस साली पेट्रोल एवढं वाढलं, तेव्हां तुम्ही गाडी सोडलीत का?"

आम्हीं म्हटलें, "नाहीं."

ती कांहीं बोलली नाहीं. वह्या उचलून वर्गाकडे गेली. त्या दिवसापासून आठवड्यांतून चार दिवस आम्ही शाळेंत चालत येतों; गुडघा दुखतो त्या दिवशीं मोटार काढतों, आणि फाटकाशीं ती मुलगी दिसली तर उगीचच लंगडतों.

आई आतां आमच्याजवळच असते. तिचें वय ऐंशींकडे झुकलें आहे. मागें छातीचें चित्र काढलें तेव्हां तरुण डॉक्टरीण तें उजेडापुढें धरून आम्हांस म्हणाली, "आजी विडी ओढत होत्या का?" आईनें जन्मांत विडीस हात लाविला नाहीं. तसें सांगतांच डॉक्टरीण बाईंनीं चित्र खालीं ठेविलें आणि आईकडे वळून विचारलें, "मग चुलीपुढं किती वर्षं बसलात?" आईनें बोटांवर मोजण्यास आरंभ केला आणि मध्येंच सोडून दिला.

आमच्या स्वयंपाकघरांत गॅस आहे. तथापि मागील दाराआड, पावसाचें पाणी लागणार नाहीं अशा बेतानें, आईनें वाळल्या काटक्यांची एक मोळी सुतळीनें बांधून ठेविली आहे. दर वर्षीं ती जुनी मोळी सोडते आणि नवी बांधते. ह्या नाताळापूर्वीं घरास रंग देतांना रंगाऱ्यानें ती बाहेर काढली, आणि आम्हींहि म्हटलें, "आई, ही आतां टाकून देऊं या."

आई म्हणाली, "राहूं दे रे. भावाचं काय सांगावं."

रंग वाळल्यावर आम्हीं मोळी उचलून पुन्हां जागच्या जागीं ठेविली.